नागपूरच्या लॅबमध्ये ह्युमन एनजीएफ: वायल हातात आल्यापासून न्यूराइट मोजेपर्यंत

पीसी-१२ पेशींवर (एनजीएफ दिलं की चेतापेशींसारख्या फांद्या फुटणाऱ्या रॅटच्या पेशी) काम करायचं ठरलं की खरेदीच्या यादीत एक ओळ हमखास येते: रिकॉम्बिनंट (जनुकतंत्राने बनवलेलं) ह्युमन बीटा-एनजीएफ, २० मायक्रोग्रॅम. यादीतली ही सगळ्यात लहान वस्तू आणि वजनाच्या मानाने बहुधा सगळ्यात महाग. दोन-तीन आठवड्यांनी प्लेटमध्ये पेशी गोलच्या गोल राहिल्या, एकही फांदी, म्हणजे न्यूराइट, फुटली नाही, की दोष प्रथिनावर येतो. ‘वायलच खराब आली.’ बहुतेक वेळा वायल चांगलीच असते. प्रथिन हरवतं ते कुरिअरच्या गाडीपासून प्लेटच्या वेलपर्यंतच्या वाटेवर: झाकणाला चिकटून, प्लॅस्टिकच्या भिंतीवर बसून, फ्रीझरमध्ये गोठून-वितळून. ही वाट नागपुरात जरा जास्तच कसोटीची आहे, कारण मे महिन्यात इथल्या लॅबमधलं ‘रूम टेंपरेचर’ आणि प्रोटोकॉलमधलं ‘रूम टेंपरेचर’ यांचा एकमेकांशी काही संबंध उरत नाही.

पिपेट धरता येते, लॅमिनार हूडमध्ये निर्जंतुक काम जमतं, पण वाढ-घटकांशी पहिल्यांदाच गाठ पडते आहे, अशा एमएस्सी, एमफार्म, पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि प्रोजेक्ट असिस्टंटसाठी हा लेख आहे.

प्रथिनाची ओळख, कामापुरती

एनजीएफ म्हणजे नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, चेतातंतूंची वाढ करणारं प्रथिन. १९५० च्या दशकात सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रीटा लेव्ही-मोंटालचिनी आणि स्टॅनली कोहेन यांनी ते शोधलं आणि १९८६ मध्ये दोघांना त्यासाठी नोबेल मिळालं. उंदराच्या ट्यूमरच्या अर्कातला चेतातंतू वाढवणारा घटक न्यूक्लिक आम्ल आहे की प्रथिन, हे ठरवण्यासाठी कोहेन यांनी न्यूक्लिक आम्ल तोडणारं एंझाइम म्हणून सापाचं विष वापरलं. परिणाम थांबायच्या ऐवजी चेतातंतू कितीतरी जोमाने फुटले, कारण विषातच एनजीएफ भरपूर होतं. विषग्रंथी ही लाळग्रंथीचाच प्रकार, म्हणून पुढे उंदराची लाळग्रंथी तपासली गेली आणि नर उंदराच्या लाळग्रंथीत तर खजिनाच सापडला. कॅटलॉगमध्ये आजही ‘माऊस एनजीएफ २.५ एस’ किंवा ‘७ एस’ दिसतं, ते याच ग्रंथीतून काढलेलं असतं.

रिकॉम्बिनंट ह्युमन बीटा-एनजीएफची एक साखळी साधारण १२० अमिनो आम्लांची, वजन सुमारे १३.५ किलोडाल्टन. दोन साखळ्या जोडीने राहतात, म्हणजे काम करणारा रेणू सुमारे २७ किलोडाल्टनचा. प्रत्येक साखळीत तीन डायसल्फाइड बंध गाठीसारखे गुंफलेले असतात. दोन साखळ्यांना जोडणारा असा बंध मात्र नसतो, त्या नुसत्या घट्ट बिलगलेल्या असतात. त्यामुळे एसडीएस जेलवर नॉन-रिड्यूसिंग, म्हणजे डायसल्फाइड बंध न तोडलेला, नमुना चालवला तरी पट्टी १३ च्या आसपासच दिसते, कारण एसडीएस जोडी सोडवतं. २७ ला पट्टी नाही म्हणून प्रथिन बिघडलं असं समजून कंपनीला ई-मेल धाडणारे नवखे दरवर्षी निघतात.

दुसरी गोष्ट त्याच्या चिकटपणाची. एनजीएफ जोरदार बेसिक प्रथिन आहे, त्याचा समविद्युत बिंदू (ज्या पीएचला एकूण भार शून्य असतो तो) ९ च्या वर. म्हणजे आपल्या ७.४ पीएचच्या बफरमध्ये त्याच्यावर धन भार असतो, आणि काच आणि कल्चरचं प्रक्रिया केलेलं प्लॅस्टिक यांच्या पृष्ठभागावर ऋण भार. पुढच्या निम्म्या सूचनांचं मूळ इथे आहे.

पेशीवर त्याचे दोन ग्राहक (रिसेप्टर): ट्रक-ए आणि पी-७५. न्यूराइट फुटतात ते मुख्यतः ट्रक-एमुळे. मागवताना एक सांभाळा: कॅटलॉगमध्ये शेजारीच ‘प्रो-एनजीएफ’ असतं. ते अर्धवट अवस्थेतलं, न तोडलेलं प्रथिन. ते पी-७५ आणि सॉर्टिलिन यांच्या जोडीला बांधलं जाऊन चेतापेशींना उलट मरणाकडे नेऊ शकतं. नावात तीन अक्षरांचा फरक, परिणामात जमीन-अस्मानाचा.

मागवताना काय पाहायचं

माणसाचं आणि उंदराचं एनजीएफ सुमारे ९० टक्के सारखं आहे, म्हणून उंदीर किंवा रॅटच्या पेशींना ह्युमन एनजीएफ बिनदिक्कत चालतं. पीसी-१२ रॅटच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या ट्यूमरमधून आलेल्या, ग्रीन आणि टिशलर यांनी १९७६ मध्ये वर्णन केलेल्या. त्या ह्युमन प्रथिनाला छान प्रतिसाद देतात.

कोटेशन मागवण्याआधी डेटाशीटवर या गोष्टी वाचा:

- कशात बनवलं आहे. इ. कोलायमध्ये बनवलेलं एनजीएफ बहुधा गोळ्यांच्या रूपात साचतं, ते विरघळवून पुन्हा नीट घडी घालावी लागते. सस्तन प्राण्यांच्या पेशींमधलं, उदाहरणार्थ हॅमस्टरच्या सीएचओ पेशींमधलं, घडी घालूनच बाहेर पडतं आणि महाग असतं. चांगल्या कंपनीचं इ. कोलायचं प्रथिन पीसी-१२ साठी पुरतं.
- एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूच्या आवरणातला विषारी अंश. इ. कोलायचं प्रथिन आणि मायक्रोग्लिया (मेंदूतल्या प्रतिकार पेशी) असलेलं मिश्र कल्चर अशी सांगड असेल तर हा आकडा निर्णायक. दर मायक्रोग्रॅममागे ०.१ युनिटपेक्षा कमी असेल तर निर्धास्त राहा. नुसत्या पीसी-१२ ला इतकं कडक लागत नाही.
- कॅरियर आहे की नाही. वायलमध्ये बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घातलेलं असेल तर प्रथिन सांभाळायला सोपं. पण त्यावर रसायन जोडायचं असेल, जेलवर तपासायचं असेल किंवा प्रतिपिंडांसाठी टोचायचं असेल, तर कॅरियर-फ्री घ्या. बीएसएची ६६ किलोडाल्टनची जाड पट्टी जेलभर पसरते.
- क्रियाशीलता. शुद्धता ९५ टक्के लिहिलेली असते, पण शुद्ध म्हणजे क्रियाशील नव्हे. बऱ्याच कंपन्या टीएफ-१ पेशींच्या वाढीवरून ईडी-५०, म्हणजे निम्मा परिणाम देणारी तीव्रता, देतात. ती मिलीमागे १ नॅनोग्रॅम असेल तर क्रियाशीलता मिलिग्रॅममागे १० लाख युनिट: १० लाखांना नॅनोग्रॅममधल्या ईडी-५० ने भागायचं, इतकाच तो हिशेब.

पहिल्या खेपेला २० मायक्रोग्रॅमच मागवा. १०० मायक्रोग्रॅमची वायल दर मायक्रोग्रॅमला स्वस्त पडते हे खरं, पण ती वेळेत संपत नाही आणि उरलेली फ्रीझरच्या कोपऱ्यात जुनी होते. वायल ‘फक्त संशोधनासाठी’ असते, हेही सोबतच्यांना बजावून ठेवा. डोळ्याच्या एका आजारावर रिकॉम्बिनंट ह्युमन एनजीएफचे थेंब औषध म्हणून आहेत, सेनेगर्मिन नावाचे, अमेरिकेत २०१८ मध्ये मान्य झालेले. पण ते औषध म्हणून बनवलेलं उत्पादन आहे. आपल्या वायलचा त्याच्याशी संबंध नाही.

पार्सल, ऊन आणि सुट्ट्या

कोरडं, फ्रीज-ड्राय केलेलं प्रथिन बरंच सोशिक असतं. बऱ्याच कंपन्या ते जेल पॅकवर किंवा साध्या तापमानालाच पाठवतात, तेव्हा खोक्यातला जेल पॅक वितळलेला दिसला म्हणून हातपाय गाळू नका. नवतपात बंद डिलिव्हरी व्हॅनच्या आत काय तापमान होतं ते मात्र डेटाशीट लिहिणाऱ्याने गृहीत धरलेलं नसतं. शक्य असेल तर एप्रिल ते जूनमध्ये मागवूच नका. फेब्रुवारीत मागवून ठेवा, उणे २० ला कोरडी वायल वर्षभर राहते.

उन्हाळ्यात मागवावंच लागलं तर विक्रेत्याला सांगा की माल सोमवारी निघू द्या. शुक्रवारी निघालेलं पार्सल शनिवार-रविवार कुठल्या तरी गोदामात बसतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक असते, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडचे रस्ते माणसांनी भरून जातात. हे दिवस बाहेरच्या विक्रेत्याच्या कॅलेंडरवर नसतात, तेव्हा आपणच टाळायचे. पत्त्यात विभागाचं नाव, मजला आणि दुपारी हजर असणाऱ्याचा मोबाइल नंबर द्या. नाहीतर पार्सल गेटवरच्या टेबलावर, रजिस्टरखाली, तुम्ही येईपर्यंत उन्हाची तिरीप खात पडून राहतं.

पार्सल आलं की वायल न उघडता उणे २० किंवा उणे ८० ला. लॉट नंबर, आल्याची तारीख आणि पॅक किती थंड होता ते वहीत लिहा. आणि फ्रीझर फ्रॉस्ट-फ्री नको. बर्फ साचू नये म्हणून तो दर काही तासांनी स्वतःला गरम करतो, आणि त्या प्रत्येक फेरीत लहान ट्यूब अर्धवट वितळते. घरगुती दोन दरवाजांचे फ्रिज जवळजवळ सगळे याच जातीचे. पर्याय नसेल तर ट्यूब थर्मोकोलच्या डब्यात किंवा बेंचटॉप कूलरमध्ये ठेवून तो डबा फ्रीझरच्या मागच्या भिंतीशी सरकवा. वीज गेली तर दार उघडायचं नाही, ‘फक्त बघायला’ म्हणूनही नाही.

विरघळवणं

सगळ्यात जास्त प्रथिन इथे जातं, म्हणून इथे घाई नको. आधी डेटाशीट वाचा: काही कंपन्या निर्जंतुक पाणी सांगतात, काही पीबीएस (फॉस्फेटचा खारट बफर), काही आम्लधर्मी बफर. त्यांनी सांगितलं तेच घ्या. खालची पद्धत ‘पीबीएसमध्ये विरघळवा’ असं लिहिलेल्या, २० मायक्रोग्रॅमच्या वायलसाठी.

१. आदल्या दिवशी ०.१ टक्का बीएसएचा पीबीएस बनवा: १० मिली पीबीएसमध्ये १० मिलिग्रॅम सेल-कल्चर दर्जाचं बीएसए. फेस न आणता विरघळवा आणि ०.२२ मायक्रॉन फिल्टरमधून गाळा. गाळायचं ते आत्ता. एनजीएफ घातल्यावर गाळलं तर इतक्या पातळ द्रावणातलं बरंचसं प्रथिन फिल्टरच्या पडद्यावरच बसतं.

२. वायल फ्रीझरमधून काढा आणि झाकण न उघडता अर्धा तास बाहेर ठेवा. पावसाळ्यात ही पायरी कोणी गाळू नये: थंड वायल उघडली की दमट हवेतलं पाणी थेट पावडरीवर बसतं. उलट मे महिन्यात एसी बंद असलेल्या खोलीत ती अर्धा तास ठेवणं म्हणजे ४० अंशांना ठेवणं. प्रोटोकॉलमधलं रूम टेंपरेचर २० ते २५ अंश असतं. एसीच्या खोलीत ठेवा आणि थर्मामीटर बघा.

३. वायल सेंट्रिफ्यूजमध्ये अर्धा-एक मिनिट फिरवा. २० मायक्रोग्रॅम पावडर डोळ्यांना दिसतच नाही, फार तर तळाला धुरकट थर दिसतो. प्रवासात ती झाकणाला चिकटलेली असू शकते. न फिरवता उघडली तर झाकणाबरोबर निम्मं प्रथिन कचऱ्यात.

४. २०० मायक्रोलिटर बीएसए-पीबीएस वायलच्या भिंतीवरून हळू सोडा. झालं मिलीमागे १०० मायक्रोग्रॅमचं द्रावण. एका वेळी यापेक्षा फार पातळ करू नका. द्रावण जितकं पातळ, तितका भिंतीला चिकटणारा वाटा मोठा.

५. व्हॉर्टेक्स नको. जोराने पिपेट वर-खाली नको. वायल हळूच तिरकी-सरळ करत भिंती ओल्या करा, १५ मिनिटं तशीच ठेवा, मग पुन्हा एकदा फिरवा. फेस आला की हवा आणि पाण्याच्या सीमेवर प्रथिनाची घडी उलगडते, आणि उलगडलेली घडी पुन्हा बसत नाही.

६. लो-बाइंडिंग ट्यूबमध्ये २०-२० मायक्रोलिटरचे वाटे करा. एका वाट्यात २ मायक्रोग्रॅम. हिशेबाने दहा, हातात बहुधा नऊ येतात. पाच मायक्रोलिटरचे चिमुकले वाटे करून काटकसर होत नाही: एवढंसं द्रावण फ्रीझरमध्ये सुकतं आणि भिंतीला चिकटण्याचं प्रमाणही वाढतं.

७. प्रत्येक ट्यूबवर नाव, तीव्रता, लॉट, तारीख. साध्या मार्करची शाई उणे ८० ला पुसली जाते, क्रायो-लेबल वापरा.

वाटा एकदाच वितळवायचा. वितळवलेला २ ते ८ अंशांना ठेवून आठवडाभरात संपवा, पुन्हा गोठवू नका. ‘एकदा चालतं’ म्हणत तिसऱ्यांदा गोठवलेली ट्यूब प्रत्येक लॅबच्या रॅकमध्ये सापडते, आणि नेमकी तीच शेवटच्या प्रयोगाला निघते.

एका प्लेटचा हिशेब

२४ वेलची प्लेट, त्यातल्या १२ वेलना एनजीएफ, प्रत्येकात अर्धा मिली माध्यम, मिलीमागे ५० नॅनोग्रॅम. १२ वेलना ६ मिली लागेल, हाताशी ७ बनवा. ७ मिलीला ३५० नॅनोग्रॅम हवं.

साठ्यातून थेट काढायचं तर मिलीमागे १०० मायक्रोग्रॅमच्या द्रावणाचे ३.५ मायक्रोलिटर. एवढ्या कमी मापात पिपेटची चूक मोठी होते. म्हणून एक वाटा, २० मायक्रोलिटर, १८० मायक्रोलिटर बीएसए-पीबीएसमध्ये मिसळा. हे मिलीमागे १० मायक्रोग्रॅमचं मधलं द्रावण. त्यातले ३५ मायक्रोलिटर ७ मिली माध्यमात. प्रयोग सहा दिवसांचा, माध्यम तीनदा घालायचं, म्हणजे १०५ मायक्रोलिटर. २०० मायक्रोलिटरमध्ये एक प्लेट आरामात होते आणि तीव्रतेच्या चाचणीलाही थोडं उरतं.

वेलमध्ये थेट थेंब टाकायची सवय लावून घेऊ नका. माध्यमात आधी मिसळा, मग सगळ्या वेलना तेच वाटा. मोलरमध्ये लिहायचं असेल तर जोडीचं वजन धरून मिलीमागे ५० नॅनोग्रॅम म्हणजे सुमारे १.९ नॅनोमोलर.

पेशी आणि इनक्युबेटर

पेशी ओळखीच्या लॅबमधून ‘एक फ्लास्क’ आणण्यापेक्षा पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहाकडे किंवा तशाच अधिकृत ठिकाणी विचारणा करा. मागून आणलेल्या पीसी-१२ चा पॅसेज नंबर (पेशी किती वेळा नव्या फ्लास्कमध्ये हलवल्या तो आकडा) कोणालाच नक्की माहीत नसतो. जास्त पॅसेज झालेल्या पेशी भराभर वाढतात, पण एनजीएफला दाद देत नाहीत. आल्याबरोबर मायकोप्लाझ्मा (कल्चरला लागणारे अतिसूक्ष्म जिवाणू) तपासा, आणि सुरुवातीच्या पॅसेजच्या आठ-दहा वायल द्रवरूप नायट्रोजनमध्ये साठवा.

वाढीचं माध्यम आरपीएमआय-१६४०, त्यात १० टक्के हॉर्स सीरम आणि ५ टक्के एफबीएस (गाईच्या गर्भाचं सीरम). हॉर्स सीरम ५६ अंशांना ३० मिनिटं ठेवून निष्क्रिय करून घ्या. पेशी घोस करून राहतात, अर्ध्या तरंगतात, आणि नवख्याला वाटतं त्या मेल्या. हा त्यांचा स्वभाव आहे. प्लेटला लावण्याआधी २२ गेजच्या सुईतून पाच-सहा वेळा हळू ओढून घोस मोडा. न मोडलेल्या घोसातल्या आतल्या पेशींचे न्यूराइट मोजताच येत नाहीत.

आता इनक्युबेटर. साधा सीओ-टू इनक्युबेटर फक्त गरम करू शकतो, थंड करू शकत नाही. ३७ टिकवायला त्याला खोली किमान चार-पाच अंश थंड लागते. मेमध्ये रात्री एसी बंद झाला, खोली ३८ वर गेली, की आतलं तापमान ३९-४० वर चढतं आणि सकाळी एसी लागल्यावर डिस्प्ले पुन्हा ३७ दाखवतो. पेशी आजारी का, ते कोणाला कळत नाही. आत कमाल-किमान नोंदवणारा स्वतंत्र थर्मामीटर ठेवा आणि इनक्युबेटरच्या खोलीचा एसी रात्रीही चालू राहील अशी लेखी परवानगी घ्या.

कल्चरच्या खोलीत किंवा तिच्या दाराबाहेर डेझर्ट कूलर मुळीच नको. ओल्या वाळ्याच्या आणि गवताच्या ताट्या बुरशीच्या बीजाणूंचं माहेरघर आहेत, आणि कूलरचा झोत ते बीजाणू थेट हूडपर्यंत आणतो. उन्हाळ्यात कल्चरला बुरशी लागण्याचं कारण शोधताना आधी दाराबाहेरचा कूलर पाहा, सीरमचा लॉट नंतर. त्याच कोरड्या हवेत इनक्युबेटरच्या तबकातलं पाणीही लवकर आटतं. आर्द्रता घटली की वेलमधलं माध्यम घट्ट होतं, क्षार वाढतात. आठवड्यातून दोनदा निर्जंतुक डिस्टिल्ड पाणी भरा. नळाचं नको.

प्लेट लावणं

कोटिंग: रॅट-टेल कोलॅजेन-१, मिलीमागे ५० मायक्रोग्रॅम, ०.०२ नॉर्मल अ‍ॅसेटिक आम्लात. दर वेलला पाव मिली, तासभर, मग पीबीएसने दोनदा धुवा. आम्ल राहिलं तर पेशी बसत नाहीत. पॉली-डी-लायसिनही चालतं, पण ते निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवावं लागतं. सुटं राहिलेलं पॉली-डी-लायसिन पेशींना विषारी असतं.

पेशी: ट्रायपॅन ब्लूने (मेलेल्या पेशींना निळं करणारा रंग) मोजा. ९० टक्क्यांहून कमी जिवंत असतील तर त्या दिवशी प्रयोग नको. दर वेलला १० ते २० हजार. जास्त दाटीत न्यूराइट एकमेकांत गुंततात, फार विरळ ठेवल्या तर पेशी तग धरत नाहीत. रात्रभर वाढीच्या माध्यमात बसू द्या.

दुसऱ्या दिवशी माध्यम बदला: आरपीएमआय, १ टक्का हॉर्स सीरम, पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन, आणि एनजीएफ मिलीमागे ५० नॅनोग्रॅम. सीरम जास्त ठेवलं तर पेशी विभाजनाच्या नादी लागतात. दर ४८ तासांनी ताजं माध्यम घाला. पीसी-१२ सैल बसतात, सगळं माध्यम ओढलं तर पेशीही येतात, म्हणून निम्मंच काढा आणि निम्मं घाला. नव्या निम्म्यातही एनजीएफ पूर्ण ५० च्या प्रमाणात हवं. ‘निम्मं माध्यम म्हणून निम्मं एनजीएफ’ ही चूक सर्रास होते. पिपेटचं टोक वेलच्या भिंतीला टेकवून हळू सोडा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेशी चपट्या होतात, आखूड कोंब दिसतात. पाचव्या ते सातव्या दिवशी लांब फांद्या, टोकाला पंजासारखा पसरलेला ग्रोथ कोन.

कंट्रोल कमी करून वेल वाचवू नका. किमान इतके हवेत: एनजीएफविना, पण तेवढंच बीएसए-पीबीएस घातलेला वेल. मिलीमागे ५० नॅनोग्रॅम ईजीएफचा (एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, दुसरा वाढ-घटक) वेल. ईजीएफने पेशी वाढतात पण न्यूराइट सहसा फुटत नाहीत, त्यामुळे दिसलेला परिणाम कुठल्याही वाढ-घटकाचा नव्हे हे कळतं. आणि ट्रक-ए रोखणारं के-२५२-ए, २०० नॅनोमोलर, एनजीएफच्या अर्धा-एक तास आधी. ते डीएमएसओमध्ये विरघळतं, तेव्हा डीएमएसओ ०.१ टक्क्याच्या आत ठेवा आणि नुसत्या डीएमएसओचाही वेल लावा. ब्राह्मी-अश्वगंधेचे अर्क पीसी-१२ वर तपासायचे असतील तर हे कंट्रोल नसताना काढलेल्या निष्कर्षाला परीक्षक पहिल्याच प्रश्नात पाडतो.

नवी वायल उघडली की एकदा तीव्रतेची चाचणी करा: मिलीमागे ०, १, ५, १०, २५, ५०, १०० नॅनोग्रॅम. ५० आणि १०० मध्ये फारसा फरक नसेल तर सगळं ठीक. १०० लाही आलेख चढतच असेल तर तुमच्या ट्यूबमधलं खरं प्रमाण लेबलवर लिहिलंय त्याहून कमी आहे.

मोजणी

न्यूराइट कशाला म्हणायचं ते मोजायच्या आधी ठरवा. पेशीच्या व्यासाएवढी किंवा त्याहून लांब फांदी असलेली पेशी ‘हो’, बाकी ‘नाही’, ही सोपी व्याख्या. काही लोक दुप्पट व्यास धरतात. कोणतीही धरा, पण शेवटपर्यंत तीच, आणि प्रबंधात स्पष्ट लिहा. दर वेलमध्ये कमीत कमी १०० पेशी, ठिकाणं आधी ठरवलेली, फोटो दुसऱ्याने नावं झाकून दिलेले. मायक्रोस्कोपखाली सुंदर पेशी शोधत फिरलं की कुठल्याही वेलमध्ये ४० टक्के सापडतात.

फांद्या फुटल्या नाहीत तर

पुन्हा सात दिवसांची प्लेट लावण्याआधी झटपट चाचणी करा. पेशी रात्रभर सीरमविना ठेवा, ५० नॅनोग्रॅम एनजीएफ १० मिनिटं द्या, लगेच बर्फावर लाइसेट (पेशी फोडून केलेलं द्रावण) बनवा आणि फॉस्फो-ईआरकेचा (ग्राहकाचा संकेत आत पोचल्यावर फॉस्फेट जोडलं जाणारं प्रथिन) वेस्टर्न ब्लॉट करा. ४२ आणि ४४ किलोडाल्टनच्या पट्ट्या कंट्रोलपेक्षा ठळक आल्या, तर प्रथिन जिवंत आहे आणि ग्राहकही. मग दोष कोटिंग, दाटी, सीरम किंवा मोजणीत शोधा. सोबत एक तासाचाही नमुना घ्या: एनजीएफचा संकेत तासाभरानेही टिकलेला असतो, ईजीएफचा तोवर ओसरतो.

पट्ट्या आल्याच नाहीत तर तीच चाचणी न वितळवलेल्या दुसऱ्या वाट्यावर करा. तो चालला तर पहिली ट्यूब गोठण्या-वितळण्यात गेली. तोही चालला नाही तर त्याच पेशींना ईजीएफ द्या. ईजीएफला पट्ट्या आल्या आणि एनजीएफला नाही, तर दोनच शक्यता: साठाच बिघडला, किंवा पेशींवर ट्रक-ए उरलेलं नाही. ओळखीच्या लॅबकडून चालू एनजीएफचे दोन मायक्रोलिटर मागून आणा, बर्फावर, आणि शेजारच्या वेलमध्ये लावा. त्यानेही काही झालं नाही तर नायट्रोजनमधली सुरुवातीच्या पॅसेजची वायल वर काढायची वेळ झाली.

पेशी फांद्या फुटण्याआधीच सुटून तरंगू लागल्या तर ते बहुधा कोटिंगचं काम. तिसऱ्या दिवसापर्यंत छान, पाचव्या दिवशी फांद्या मण्यांसारख्या तुटक, असं दिसलं तर माध्यम बदलायचा दिवस चुकला का आणि तबकात पाणी होतं का, ते पाहा. कंट्रोल वेलमध्येही फांद्या दिसत असतील तर पेशी आधीच कुणीतरी एनजीएफमध्ये वाढवलेल्या असू शकतात, किंवा तो पीसी-१२ चा चिकटून वाढणारा उपप्रकार असेल. त्याचा चपटा आकार फसवतो.

पीसी-१२ वर सगळं बसल्यावर रॅटच्या डीआरजी (मेरुरज्जूशेजारच्या गुच्छातल्या) चेतापेशींकडे वळायचं असेल, तर संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीचा अर्ज आधी भरा. समितीची बैठक रोज होत नाही, आणि मंजुरीच्या पत्राआधी काढलेल्या एकाही पेशीचा निकाल प्रबंधात घालता येत नाही. त्या पेशींना एनजीएफ जगण्यासाठीच लागतं, तेव्हा बैठकीची तारीख कळली की वायलची ऑर्डर तिच्यामागून लावा, पुढून नाही.